जाम इंजिन, उतावळा पाय



या सदरातून मी तुमच्याशी बहुतेक वेळा कापूस, केळी, दादर, नाही तर जमिनीच्या आरोग्याविषयी बोलतो. आज जरा वाट सोडून एका जुन्या मोटारसायकलची हकिकत सांगणार आहे. गोष्ट गाडीची असली तरी ती तुमच्या पाठीवरच्या फवारणी पंपाला आणि विहिरीवरच्या इंजिनालाही लागू पडते. म्हणून शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

आखाजीचा दुसरा दिवस होता. हंगामाच्या आधी कापूस लावू नये, लावला तर गुलाबी बोंडअळीला आयते घर मिळते, हे सांगण्यासाठी पारोळ्याकडच्या एका गावात सकाळची बैठक ठेवली होती. बैठक आटोपून निघालो, तर एका खळ्यात दहावीस माणसे जमलेली. ट्रॅक्टर चालू होता. त्याला मागे नाडा बांधला होता आणि नाड्याच्या दुसऱ्या टोकाला धुळीने पांढरी झालेली एक राजदूत होती. थोरला भाऊ ट्रॅक्टरवर, धाकटा राजदूतवर. आणि मध्येच, नाड्यावर पाय देऊन, आखाजीला माहेरी आलेली त्यांची बहीण उभी.

"आबानी गाडी शे ती. मी अशी ओढू देवाव नही," ती म्हणत होती.

थोरल्याने मला पाहून ट्रॅक्टर बंद केला. म्हणाला, "जाम व्हयेल शे, भाऊसाहेब. ओढाशिवाय सुटाव नही. नही त भंगारवाला दुपारले येणारच शे."

माय ओट्यावर बसली होती. तिने एवढेच म्हटले, "पोरे माले इचारतस बी नही."

थोडी चौकशी केल्यावर सारे कळले. त्यांचे आबा या गाडीवर दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लावून रोज गावचे दूध तालुक्याला पोचवीत. आबा जाऊन अकरा वर्षे झाली. तेव्हापासून गाडी खळ्यातल्या छपराखाली, खताच्या थप्पीशेजारी उभी. धाकट्याने यंदा मनावर घेतले. सकाळपासून त्याने किकवर सगळे अंग टाकून उड्या मारल्या. किकचा दांडा वाकला, पण इंजिन तसूभर हलले नाही. म्हणून हा ट्रॅक्टर.

मी त्यांना म्हटले, नाडा सोडा, आधी माझी फजिती ऐका.

माझी फजिती

१९९८ साली माझी बदली साक्री तालुक्यात झाली. माझी जुनी राजदूत घरीच राहिली आणि दोन पावसाळे पडून राहिली. परत आलो, किक मारली, तर किक दगडासारखी. शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर होताच. नाडा बांधला, गियर टाकला, क्लच सोडला. वीसेक पावले मागचे चाक नुसते फरफटले. मग आत 'खट्' असा आवाज झाला आणि इंजिन फिरू लागले. आम्ही टाळ्या पिटल्या. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी सिलिंडर उतरवला, तेव्हा पिस्टनची रिंग तुटून तिच्या तुकड्याने सिलिंडरला वरपासून खालपर्यंत चर पाडलेला दिसला. किकच्या गियरचे दातही मी आधीच उडवले होते. त्या महिन्याचा निम्मा पगार मिस्त्रींच्या हवाली केला. दोष गाडीचा नव्हता, मिस्त्रींचाही नव्हता. दोष माझ्या उतावळ्या पायाचा होता.

घाटात पाटी असते ना, 'अति घाई संकटात नेई', ती जाम इंजिनाला अगदी तंतोतंत लागू आहे.

राजदूत म्हणजे काय होती

ज्या मुलांनी राजदूत पाहिली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. पोलंड देशातल्या एसएचएल या कंपनीच्या एम ११ गाडीच्या धर्तीवर एस्कॉर्ट्स कंपनीने १९६२ पासून ती आपल्या देशात बांधली. एकच सिलिंडर, १७३ सीसी, टू-स्ट्रोक इंजिन. खडी, गाडरस्ता, नांगरट, कशालाही न घाबरणारी. ग्रामसेवक, दूधवाले, आम्ही विस्तार खात्यातले लोक, सगळ्यांचे पाय याच गाडीने जमिनीवरून उचलले. १९७३ च्या 'बॉबी' चित्रपटात जी ठेंगणी मोटारसायकल दिसते तीही राजदूतच्याच घराण्यातली. पुढे कमी पेट्रोलवर चालणाऱ्या फोर-स्ट्रोक गाड्या आल्या आणि राजदूत खळ्याखळ्यांतून उभ्या राहिल्या.

इंजिन जाम का होते

सिलिंडर बिडाचा असतो, त्यात वरखाली होणारा पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि पिस्टनवर चढवलेल्या रिंगा बिडाच्या. गाडी उभी राहिली की आतले तेल हळूहळू निथळून जाते. पावसाळ्यातली ओल हवेबरोबर आत शिरते, रात्री थंडाव्याने तिचे दव होते आणि जिथे रिंग सिलिंडरला टेकलेली असते तिथे गंज धरतो. बीड आणि बीड एकमेकांना गंजाने चिकटतात. टू-स्ट्रोक इंजिनाच्या सिलिंडरच्या भिंतीला खिडक्या असतात. पिस्टन थांबतो तेव्हा बहुतेक वेळा एखादी खिडकी उघडी राहते, म्हणून बाहेरची हवा आत जायला वाट सापडते. शिवाय अशा इंजिनाच्या तळात तेलाचा साठा नसतो. पेट्रोलमधून येईल तेवढेच तेल. त्यामुळे खालची बेअरिंगेही कोरडी पडतात.

आणि आता माझ्या खात्यातली गोष्ट. गाडी युरियाच्या थप्पीशेजारी उभी होती. रासायनिक खते हवेतली ओल ओढून घेतात. ती पाझरली की लोखंडाला खातात. गोठ्यातल्या मुताचा जो झोंबणारा वास येतो तो अमोनियाचा. तो तांब्यापितळेला खातो आणि कार्बोरेटरचे बारीक जेट पितळेचे असतात. तेव्हा खताच्या कोठीत आणि गोठ्यात कोणतेही यंत्र ठेवू नये. हे एक वाक्य तरी भिंतीवर लिहून ठेवावे.

आधी कशाने थांबली ते विचारा

इंजिन दोन तऱ्हेने जाम होते. एक, चालता चालता तापून पकडते, म्हणजे पेट्रोलमध्ये तेल टाकायचे राहिले किंवा कमी पडले. अशा वेळी पिस्टनचे ॲल्युमिनियम सिलिंडरला घासून चिकटलेले असते. तेल मुरवून ते हलले तरी आतली इजा जात नाही, ते उघडावेच लागते. दुसरी तऱ्हा, गाडी चांगली चालत होती, उभी केली आणि उभ्यानेच गंजली. ही तऱ्हा बरीच सोपी. म्हणून घरच्या जाणत्या माणसाला आधी विचारावे. मी मायला विचारले. ती म्हणाली, शेवटच्या दिवशीसुद्धा आबा दूध घालून आले होते, गाडी त्यांनीच जागेवर लावली. म्हणजे दुसरी तऱ्हा. आशा होती.

मग अमळनेरच्या एका जुन्या मिस्त्रींना फोन लावला. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "इंजन मरेल नही शे, रुसेल शे. रुसेल माणूसले धक्का मारीसन उठाडतस का?" धाकटा हसला. नाडा सुटला. भंगारवाल्याला निरोप गेला की आज येऊ नको.

काय केले, कसे केले

आम्ही जे केले ते क्रमाने देतो. ज्याने आयुष्यात पाना धरलेला नाही त्यालाही हे जमेल.

पहिली गोष्ट, सफाई आणि पेट्रोल. गाडी उघड्यावर, चुलीपासून लांब आणली. टाकीतले जुने पेट्रोल काढून बंद डब्यात भरले. अकरा वर्षांत ते आटून लाखेसारखे झाले होते. या कामात विडी-काडी जवळ नको, लहान मुले जवळ नकोत. काढलेले पेट्रोल गटारीत किंवा विहिरीकडे ओतू नये. जुनी बॅटरीही काढून ठेवली, तिच्यात तेजाब असते. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारमाशीने मातीचे घर बांधले होते, तेही खरवडून काढले.

दुसरी गोष्ट, खरोखर काय जाम आहे ते पाहणे. गाडी न्यूट्रल करून मागचे चाक हाताने फिरवले. ते फिरले. म्हणजे ब्रेक आणि चेन ठीक. चाक फिरले नसते तर ब्रेकची लायनर ड्रमला चिकटली आहे असे समजावे. मग बाजूचे झाकण काढून मॅग्नेटचे चाक हाताने फिरवून पाहिले. ते ढिम्म. म्हणजे इंजिनच जाम. कित्येकदा नुसती किक अडकलेली असते आणि लोक इंजिनाला दोष देतात.

तिसरी गोष्ट, प्लग. प्लगभोवतीची माती आधी ब्रशने झाडली, नाही तर प्लग निघताच ती आत पडते. प्लगच्या आट्यांवर तेल सोडून तासभर थांबलो आणि मग प्लग पान्याने सावकाश सोडवला. न सुटल्यास पुन्हा तेल, पुन्हा थांबणे. इथे जोर केला तर हेडचे आटे प्लगबरोबर बाहेर येतात.

चौथी गोष्ट, पिस्टन कुठे आहे ते पाहणे. बॅटरीच्या उजेडात भोकातून डोकावलो आणि एक प्लास्टिकची नळी अलगद आत सोडली. आत लोखंडी तार किंवा काडी घालू नये. ओरखडा पडतो, काडी तुटून आत राहते. आमचा पिस्टन निम्म्याच्या वर थांबलेला होता. हे नशीब. कारण तो खाली असता तर खिडक्या उघड्या असत्या आणि ओतलेले तेल सायलेन्सरमध्ये उतरले असते. तसे असेल तर तेल थोडे थोडे, दिवसातून दोनदा सोडावे.

पाचवी गोष्ट, तेल. निम्मे इंजिन ऑइल आणि निम्मे डिझेल एकत्र केले. पूर्वी यासाठी रॉकेल वापरीत, आता ते सहजी मिळत नाही, डिझेलने काम होते. गंज सोडवणारा फवारा बाजारात मिळतो, तोही चालतो. हे मिश्रण चहाचे आठदहा चमचे, म्हणजे चाळीस-पन्नास मिली, प्लगच्या भोकातून आत सोडले. भोकावर जुना प्लग नुसता हाताने टेकवला, म्हणजे धूळ जात नाही.

आणि सहावी गोष्ट, जी सर्वांत अवघड. थांबणे.

बारा दिवस

थोरल्याला वाटले होते संध्याकाळपर्यंत काय ते होईल. मी सांगितले, आठवडा-दोन आठवडे लागतील. गंज अकरा वर्षांचा आहे, तो अकरा तासांत कसा सोडील? बहिणीने चार दिवसांचे माहेरपण वाढवून घेतले आणि तेलाचे काम स्वतःकडे घेतले. रोज संध्याकाळी ती नळीने तेलाची उंची पाही आणि वहीत मांडी. तीन दिवस तेल जिथल्या तिथे. चौथ्या दिवशी थोडे उतरले. फोनवर ती मला म्हणाली, तेल कमी झाले, कुठे गळते का? मी म्हटले, गळत नाही, मुरते आहे. तेल रिंगांच्या कडेने खाली वाट काढते आहे. हीच चांगली खूण.

आपल्या खानदेशातल्या उन्हाचाही इथे उपयोग झाला. टाकी रिकामी होती, म्हणून दिवसा गाडी उन्हात ठेवायला सांगितले. धातू दिवसा तापून फुगतो, रात्री निवून आकसतो. ॲल्युमिनियम बिडापेक्षा जास्त फुगते आणि जास्त आकसते. रोजच्या या किंचितशा हालचालीत तेलाला फट मिळते. ज्या उन्हाला आपण नावे ठेवतो ते फुकटात मिस्त्रीचे काम करीत होते.

आठव्या दिवसापासून हलवून पाहायला सुरुवात केली. गाडी मुख्य स्टँडवर घेतली. प्लग काढलेलाच. सर्वांत वरचा गियर टाकला, कारण वरच्या गियरमध्ये चाकाला लावलेला जोर इंजिनापर्यंत जास्त पोचतो. मग दोघांनी मागचे चाक दोन बाजूंनी धरून पुढे-मागे, पुढे-मागे डोलवायचे. बाळाचा पाळणा हलवतो तसे. झटका नाही, लाथ नाही, पान्याला लांब पाइप घालून तरफ नाही, प्लगच्या भोकातून सळई घालून हातोडा तर मुळीच नाही. चेनमध्ये बोट जाणार नाही याकडे लक्ष ठेवायचे. पाच मिनिटे डोलवायचे, पुन्हा तेल सोडायचे, उद्यापर्यंत सोडून द्यायचे. टायरवर आणि त्याच्याजवळच्या दांड्यावर खडूने समोरासमोर रेघ मारून ठेवली, म्हणजे मनाचे भास होत नाहीत. चेन आणि गियर यांची थोडी ढिलाई असते, तेवढी हालचाल खरी धरायची नाही.

दहाव्या दिवशी रेघ नखभर सरकली. बाराव्या दिवशी मी मुद्दाम गेलो. धाकटा एका बाजूला, बहीण दुसऱ्या बाजूला. माय ओट्यावरून उठून आली आणि लेकीच्या हाताशेजारी तिने आपला हात चाकावर ठेवला. पुढे, मागे. पुढे, मागे. मग काहीतरी मऊपणे सुटल्यासारखे झाले आणि चाक वीतभर पुढे गेले.

"हालनं!" माय ओरडली. "हालनं ना भो!"

थोरला तोंडाने काही बोलला नाही. पण शेतावर जायची वेळ झाली असताना तो तिथेच बसून राहिला.

सुटले म्हणजे झाले असे नाही

इथेच बहुतेक लोक दुसरी चूक करतात. इंजिन हलले की प्लग लावून लगेच किक मारतात. तसे करू नये. आत तेल भरलेले असते. तेल दाबले जात नाही. प्लग लावून जोर केला तर काहीतरी वाकते. म्हणून आधी प्लगच्या भोकावर फडके धरून, तोंड बाजूला ठेवून, इंजिन हाताने सावकाश पूर्ण फिरवले. काळे, तांबूस तेल उडाले. पुन्हा स्वच्छ तेल सोडले, पुन्हा फिरवले. नवशिक्याचे काम इथे संपते. पुढचे मिस्त्रीचे.

दोन-तीन आठवड्यांनीही हलत नसेल तर तेही मिस्त्रीचेच काम. हेड आणि सिलिंडर उतरवून तो लाकडी ठोकळ्याने पिस्टन काढतो. घरी गॅसची ज्योत लावून तापवण्याचा खेळ करू नये.

अमळनेरच्या मिस्त्रींनी सिलिंडर उतरवला तेव्हा आम्ही सगळे पाहत होतो. जिथे रिंग अकरा वर्षे टेकून बसली होती तिथे आतल्या भिंतीवर गंजाची तांबडी रेघ उमटलेली. वरची रिंग नीट निघाली. खालची तिच्या खाचेत घट्ट बसलेली होती, ती काढताना मिस्त्रींच्या हातात तिचे दोन तुकडे झाले. त्यांनी ते तुकडे थोरल्याच्या तळहातावर ठेवले. म्हणाले, नाड्याने ओढली असती तर हे आत तुटले असते आणि मग सिलिंडरला चर. थोरल्याने ते तुकडे बराच वेळ पाहिले आणि सदऱ्याच्या खिशात टाकले.

सिलिंडर बोर करून घ्यावा लागला, नवा पिस्टन आणि रिंगा बसवल्या. क्रँकची बेअरिंगे बदलली आणि दोन्ही बाजूंची ऑइल सीलही बदलली. सील ही रबराची वस्तू, वर्षानुवर्षे कोरडी राहून ती कडक होते. तिच्यातून हवा आत ओढली गेली की पेट्रोल आणि त्यातले तेल प्रमाणाने कमी पडते, इंजिन तापते आणि पुन्हा पकडते. सुटलेले इंजिन महिन्याभरात परत जाम झाले असे ऐकू येते त्याचे कारण पुष्कळदा हेच असते. गियरचे तेल बदलले, कार्बोरेटर धुतला, टाकीतला गंज साफ केला. पेट्रोलमध्ये तेल किती टाकायचे ते गाडीच्या पुस्तकात दिलेले असते. अशा जुन्या गाड्यांना साधारण एका लिटरला चाळीस ते पन्नास मिली टू-स्ट्रोक तेल लागते.

खर्चाचे खरे सांगायचे तर, रोजच्या वापरासाठी म्हणून हा व्यवहार परवडत नाही. तेवढ्या पैशात जुनी पण धडधाकट गाडी मिळू शकते. म्हणून आधी मिस्त्रीकडून अंदाज लिहून घ्यावा, घरातल्या सगळ्यांनी बसून ठरवावे आणि पेरणीच्या पैशाला हात लावू नये. या घरात ठरले ते असे: बी-खताचे पैसे बाजूला काढायचे, बहिणीने आणि धाकट्याने मिळून इंजिनाचा खर्च करायचा, घाई करायची नाही. मायला या वेळी विचारले होते.

कागदांची बाजू

खासगी मोटारसायकलची नोंदणी पंधरा वर्षांनी नव्याने करावी लागते. त्यासाठी गाडी परिवहन कार्यालयात, म्हणजे धुळे, जळगाव किंवा नंदुरबार जिथली असेल तिथे, तपासणीस न्यावी लागते. शुल्क, पर्यावरण कर, विमा आणि धुराचे प्रमाणपत्र यांची तयारी ठेवावी. गाडी मयताच्या नावावर असेल तर आधी वारसाच्या नावावर करावी लागते. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपातली गाडी असेल तर २०२१ सालापासून तिच्यासाठी 'व्हिंटेज' म्हणून वेगळ्या नोंदणीची सोय आहे, मात्र तिचे शुल्क जड आहे आणि ती गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. गाडी भंगारात द्यायची झाली तरी नोंदणी रद्द करून घ्यावी. आपल्या नावाची गाडी कुणाच्या हातात आणि कशासाठी फिरते हे नंतर कळत नाही.

तुमच्या पंपासाठी चार पथ्ये

आता या गोष्टीतून तुम्ही घरी काय न्यावे ते सांगतो. तुमच्या घरात राजदूत नसेल, पण पेट्रोलवर चालणारा फवारणी पंप किंवा गवत कापण्याचे यंत्र असेल. त्यांतही बहुधा असेच टू-स्ट्रोक इंजिन असते. हंगाम संपला की आपण ते कोपऱ्यात टाकतो आणि पुढच्या जूनमध्ये दोरी ओढतो, तेव्हा दोरी हलत नाही.

एक, हंगाम संपताच टाकी रिकामी करावी आणि यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे कार्बोरेटरही रिकामा होतो. पूर्वी हे चांगले होते, आता आवश्यक आहे. हल्लीच्या पेट्रोलमध्ये आपल्याच उसाचे आणि मक्याचे वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल पाणी ओढते, म्हणून असे पेट्रोल महिनोन्महिने टाकीत ठेवू नये.

दोन, प्लग काढून आत चमचाभर टू-स्ट्रोक तेल सोडावे, दोरी दोन-तीनदा सावकाश ओढावी आणि प्लग लावावा. मग दोरी हळू ओढत जिथे जड लागते तिथे थांबावे. त्या जागी पिस्टन वर असतो आणि सिलिंडरचा वरचा भाग बंद राहतो.

तीन, यंत्र धुऊन, कोरडे करून, खताच्या आणि गुरांच्या जागेपासून लांब, फळीवर ठेवावे.

चार, पावसाळ्यात महिन्यातून एकदा हाताने फिरवावे. विहिरीवरचे डिझेल इंजिन विजेचा पंप आल्यापासून बंद असेल, तर त्यालाही महिन्यातून एकदा हँडलने चार फेरे द्यावेत.

एवढ्या कामाला अर्धा तास पुरतो.

राहता राहिली त्या राजदूतची गोष्ट. श्रावणात एका संध्याकाळी धाकट्याचा फोन आला. तो काही बोलला नाही, फोन त्याने नुसता गाडीजवळ धरला. आवाज मी ओळखला. पोळ्याला त्यांच्या घरी गेलो तेव्हा बैलांच्या शिंगांना रंग लावून झाला होता आणि उरलेल्या गेरूचा एक पट्टा राजदूतच्या टाकीवरही होता. गाडी अजून रस्त्यावर आणलेली नाही. कागद आबांच्या नावावरून व्हायचे आहेत आणि थोरला म्हणतो, जोपर्यंत ते होत नाहीत तोपर्यंत खळ्यापासून शेताच्या बांधापर्यंत, त्यापुढे नाही. हे तोच थोरला म्हणतो, ज्याने नाडा बांधला होता.

ओट्यावर चहा घेताना त्याने खिशातून रिंगेचे ते दोन तुकडे काढून मला दाखवले. म्हणाला, घाई झाली की हे हातात घेतो.

पुढच्या अंकी पुन्हा शेतात जाऊ. तोपर्यंत आपला फवारणी पंप कोणत्या कोपऱ्यात पडला आहे तेवढे बघून ठेवा.